मधली रात्र

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या आधीं मुंबई-पुण्याकडील पुष्कळ घरांतून एक निरोप ऐकूं येतो. मुलगा, सून आणि दोन नातवंडें लंडनहून किंवा न्यूयॉर्कहून निघणार आहेत. विमान मुंबईस उतरतांच मोटारींत बसून थेट गांवीं जावयाचें, असा त्यांचा बेत आहे. ह्या निरोपांतील 'थेट' हा शब्द मोठा गोड आहे. तो ऐकून गांवाकडे ओटीवर बसलेल्या आजीला आनंद होतो, मुलांना हुरूप येतो, आणि सुट्टीचा एक दिवस वांचला असें हिशेबी माणसास वाटतें. तथापि सगळ्या सुट्टीचा विचका करणारा, प्रसंगीं त्याहूनहि वाईट कांहीं घडविणारा बेत पुष्कळदां ह्याच शब्दांत दडलेला असतो. विमानतळ आणि गांव यांच्यामध्यें एक रात्र कोठें तरी टेकणें हा वेळेचा अपव्यय नव्हे. मात्र ती रात्र कोठें काढावी, कशी काढावी आणि मुख्य म्हणजे कोणासाठीं काढावी, ह्याचा विचार घरून निघण्यापूर्वीं व्हावयास पाहिजे.

विमानप्रवासाच्या आरंभींच्या काळांत हा विचार उतारूस करावाच लागत नसे. तो कंपनी करीत असे. १९२९ सालच्या मार्चअखेर लंडन ते कराची अशी इंपीरियल एअरवेजची वाहतूक सुरू झाली, तेव्हां त्या प्रवासास सात दिवस लागत. रात्रीं विमान थांबे, उतारू हॉटेलांत किंवा विश्रामगृहांत निजत आणि सकाळीं पुढें निघत. १९३२ सालीं आखाताच्या कांठीं शारजा येथें ह्याच कामासाठीं किल्ल्यासारखें एक विश्रामगृह बांधण्यांत आलें. तें आतां संग्रहालय म्हणून उभें आहे. १९४८ सालीं ८ जून रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें पहिलें विमान मुंबईहून लंडनला निघालें, तें कैरो आणि जिनीव्हा येथें उतरत गेलें. आज तेंच अंतर विमान नऊ-दहा तासांत एका दमांत तोडतें. कोंकणच्या वाटेचीहि गोष्ट तीच. गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटींत उतारूला एक रात्र डेकवर वळकटी पसरून काढावीच लागे, आणि ती काढल्यावर त्यास विचारण्यासारखें कांहीं उरत नसे. वेग वाढला तशी ही मधली रात्र वेळापत्रकांतून पुसली गेली. माणसाचें शरीर मात्र १९२९ सालचेंच राहिलें.

विषय हवेंत राहूं नये म्हणून एक घर डोळ्यांपुढें घ्यावें. हें घर गुहागरास आहे असें समजावें: पुढें अंगण, मागें नारळी-पोफळींची वाडी, आणि वाडीपलीकडे समुद्र. सहारच्या विमानतळापासून तें सुमारें पावणेतीनशें ते तीनशें किलोमीटरांवर येतें. यूरोपांतील रस्त्यांची संवय झालेल्या माणसास हा आकडा तीन तासांचा वाटतो. प्रत्यक्षांत पनवेल सोडलें कीं पेण, वडखळ, नागोठणें, कोलाड, माणगांव, महाड, पोलादपूर; मग कशेडीचा डोंगर, खेड, परशुरामचा घाट आणि चिपळूण; आणि चिपळुणास महामार्ग सोडून पुन्हां चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांचा वळणावळणाचा रस्ता. ह्या महामार्गाच्या रुंदीकरणास २०११ सालीं आरंभ झाला आणि एक तप उलटलें तरी तें काम पुरें झालें नव्हतें, हें कोंकणांतल्या लहान मुलासहि ठाऊक आहे. कशेडीच्या पोटांतून बोगदा निघाला, पुष्कळ ठिकाणीं रस्ता रुंद व गुळगुळीत झाला, हें खरें. परंतु गुळगुळीत पट्ट्यानंतर जेथें रस्ता एकाएकीं अरुंद होतो, तेथें अंधारांत आणि अर्धवट झोंपेंत असणाऱ्याचा घात होतो. जेवणाचा व चहाचा वेळ धरून सात-आठ तासांचा हिशेब करावा. त्याहून कमी लागले तर तो लाभ समजावा.

आतां प्रवाशाच्या शरीराकडे वळावें. लंडनहून आलेल्या माणसाच्या अंगांतील घड्याळ भारताच्या साडेचार ते साडेपांच तास मागें असतें. न्यूयॉर्कहून आलेल्याचें साडेनऊ ते साडेदहा तास. हें घड्याळ मनगटावरच्या घड्याळाप्रमाणें किल्ली पिळून फिरवितां येत नाहीं. तें दिवसाकांठीं साधारण एक तास ह्या गतीनें सरकतें, आणि पूर्वेकडे येतांना तर अधिकच कुरकुरतें. म्हणूनच मध्यरात्रीं सहारला उतरलेला लंडनकर आश्चर्य वाटावें इतका ताजा दिसतो. त्याच्या शरीराच्या मतें अजून संध्याकाळचे साडेसहा-साडेसातच झालेले असतात. 'झोंप मुळींच येत नाहीं, निघूंया' असें तो म्हणतो, तें खोटें नसतें. परंतु त्याच्या देहाची पहाट, म्हणजे ज्या वेळीं माणूस कितीहि ठरवून बसला तरी त्याचे डोळे मिटतात ती वेळ, भारतांत सकाळीं साडेआठ-साडेनऊच्या सुमारास येते, आणि न्यूयॉर्ककराची दुपारीं दीड ते अडीचच्या दरम्यान. बाहेर लख्ख ऊन पडलेलें असतें, सभोंवार सगळे जागे असतात, आणि ह्या गृहस्थाची मान मात्र छातीवर कलते. त्यानें स्वतः मोटार चालविण्याचा हट्ट धरला असेल, तर ही वेळ कोणत्या वळणावर येईल तें सांगतां येत नाहीं.

जागरण ही केवळ गैरसोय नव्हे, तें एक प्रकारचें अंमल चढणेंच होय, असें म्हणण्यास शास्त्राचा आधार आहे. ऑस्ट्रेलियांतील डॉसन आणि रीड ह्या संशोधकांनीं १९९७ सालीं 'नेचर' ह्या नियतकालिकांत एक प्रयोग प्रसिद्ध केला. सतत सतरा तास जागलेल्या माणसाच्या हाताची आणि डोळ्याची सांगड जितकी ढिली पडते, तितकीच ती रक्तांत शेंकडा ०.०५ मद्यार्क असलेल्याचीहि पडते, असें त्यांस आढळलें. आणि चोवीस तासांच्या जागरणानंतर तें प्रमाण शेंकडा ०.१० इतक्या मद्यार्काच्या जवळ जातें. भारताच्या मोटारवाहन कायद्याची मर्यादा शंभर मिलिलीटर रक्तांत तीस मिलिग्रॅम, म्हणजे शेंकडा ०.०३ इतकीच आहे. ज्या घरांत दारूच्या थेंबाला कोणी शिवत नाहीं, त्या घरांतील सज्जन माणसें कायद्यानें ठरविलेल्या मर्यादेपलीकडे गेलेल्या स्थितींत रात्रीं दोन वाजतां मुंबई सोडतात, आणि त्यांना कोठल्याहि चौकीवर कोणी अडवीत नाहीं.

परंतु मोटार चालविणारा बहुधा तो प्रवासी नसतोच. तो गांवाहून बोलाविलेला चालक असतो, आणि बेत करणाऱ्यांची खरी चूक येथें होते. सगळे जण विमानांतून उतरणाऱ्यांच्या झोंपेचा हिशेब करतात. ह्या माणसाच्या झोंपेचा कोणीच करीत नाहीं. त्याचा दिवस पाहावा. पहाटे पांचला उठून त्यानें गांवांतले एक भाडें केलेलें असतें. दुपारीं बाराला तो गुहागर सोडतो, रात्रीं आठ-नऊला मुंबईंत शिरतो, कोठें तरी उभ्या-उभ्या वडापाव खातो आणि मोटार उभी करण्याच्या जागीं गाडींतच बसून राहतो. विमान तासभर उशिरां येतें. पारपत्राची रांग, सामानाचा पट्टा, हरवलेली एक पेटी, मुलांचें पाणी-पोटपाणी, असें करतां करतां मंडळी बाहेर येतात तेव्हां अडीच वाजलेले असतात. 'दमला नाहींत ना?' असें कोणी तरी शिष्टाचारानें विचारतें. 'नाय हो, माका सवय आसा' म्हणणारा मालवणी चालक असो, कीं 'काय नाय, जाऊं आपन' म्हणणारा रत्नागिरीकडचा असो, उत्तर ठरलेलेंच असतें. कारण खरें उत्तर दिलें तर आजचें भाडें आणि कदाचित् पुढचेंहि गिऱ्हाईक जावयाचें. गाडी वाशीची खाडी ओलांडते न ओलांडते तोंच मागच्या बाकावरील सारीं माणसें निजतात. कांचा बंद, आंत गारवा, यंत्राची एकसुरी घरघर. एकवीस-बावीस तास जागा असलेला एकच मनुष्य त्या गाडींत जागा राहतो, आणि तोच सगळ्यांना घेऊन जात असतो. पहाटे चार-पांचच्या सुमारास, म्हणजे माणगांव-महाडच्या मधल्या पट्ट्यांत, त्याच्या डोळ्यांवर जी झांपड येते, ती दोन-तीन सेकंदांचीच असते. ताशीं ऐंशीं किलोमीटर वेगानें जाणारी मोटार तीन सेकंदांत सहासष्ट-सदुसष्ट मीटर जाते.

ह्यावर उपाय अगदीं साधा आहे, आणि विमानाच्या तिकिटांच्या मानानें त्यास खर्च नांवाला येतो. गांवाकडच्या मोटारीला विमानतळावर बोलावूंच नये. ती संध्याकाळीं परस्पर पनवेलला यावी, आणि चालकानें तेथें जेवून रात्रीं पडून राहावें. प्रवाशांनीं विमानतळावरील टॅक्सी करून पनवेल गांठावें, आणि सकाळीं सर्वांनीं मिळून निघावें. विमानतळापाशींच मुक्काम ठरला असेल, तर चालकाच्या निजण्याची व्यवस्था खोली ठरवितांनाच विचारून घ्यावी. कांहीं हॉटेलांत चालकांसाठीं निराळी खोली असते, पुष्कळांत नसते. जेथें नसते तेथें तो रात्रभर पाय दुमडून गाडींतच पडतो, आणि मग वर खोलींत काढलेली मधली रात्र निम्मी वायां जाते. 'त्याचें तो पाहील' हें वाक्य ह्या प्रवासापुरतें तरी कोणीं उच्चारूं नये.

मुक्कामाचें ठिकाण विमान किती वाजतां उतरतें ह्यावरून ठरवावें. नकाशावरचा मध्यबिंदु काढून ठरवूं नये. यूरोपांतून येणारीं बरींच विमानें मध्यरात्रीच्या मागेंपुढें उतरतात. अशा वेळीं विलेपार्लें-अंधेरीच्या बाजूस, बाहेर पडल्यापासून अर्ध्या तासांत उशीवर डोकें टेकेल अशी जागा घ्यावी. तींतली उणीव एवढीच कीं, दुसऱ्या दिवशीं मुंबईंतून बाहेर पडण्याची दगदग शिल्लक राहते. शनिवारीं सकाळीं किंवा गणपतीच्या आधीं ही दगदग काय असते तें मुंबईकरास सांगावयास नको. २०२४ सालच्या जानेवारींत शिवडी आणि न्हावाशेवा यांना जोडणारा सुमारें बावीस किलोमीटरांचा सागरी पूल खुला झाल्यापासून शहराच्या दक्षिण भागांतून निघणाऱ्यांची बरीच सोय झाली आहे.

विमान संध्याकाळीं उतरत असेल तर पनवेल हें सर्वांत सोयीचें. पनवेलला ह्या कामाचा जुना सराव आहे. आगगाडी होण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास जाणारा मनुष्य होडीनें पनवेलच्या बंदरांत उतरत असे आणि तेथून बोरघाट चढत असे. येथें कोंकण रेल्वेच्या गाड्या थांबतात, रुग्णालयें व औषधांचीं दुकानें जवळ आहेत, आणि सकाळीं निघतांना शहर मागें पडलेलें असतें. २०२५ सालीं ज्याचें उद्घाटन झालें त्या नवी मुंबईच्या विमानतळावर जे उतरतील, त्यांना तर पनवेल अगदीं हांकेवर आहे.

विमान सकाळीं उतरलें तर मोह सर्वांत मोठा असतो, कारण समोर सबंध दिवस दिसतो. येथें प्रवासी कोठून आला तें पाहावें. लंडनहून आलेल्यांनीं दुपारपर्यंत विश्रांति घेऊन मग उजेडीं पेण किंवा महाड गांठावें. न्यूयॉर्कहून आलेल्यांनीं, त्यांतूनहि लहान मुलें बरोबर असलेल्यांनीं, त्या दिवशीं महाडचें नांव काढूं नये. ज्यांना घाई नाहीं त्यांच्यासाठीं आणखी एक मार्ग आहे, आणि तो ह्या सर्वांत रमणीय आहे: भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट बोटींत बसून मांडव्यास उतरावें, आणि अलिबागेकडे रात्र काढावी. ही सोय २०२० सालापासून झाली. चार भिंतींच्या आंत पंधरा तास कोंडलेल्या मुलांना त्या तासाभराच्या खाऱ्या वाऱ्यानें जें होतें, तें कोणत्याहि औषधानें होत नाहीं. दुसऱ्या दिवशीं रेवदंडा-रोह्यावरून कोलाडला महामार्ग मिळतो. पावसाळ्यांत मात्र ह्या बेतावर विसंबूं नये. समुद्र खवळला म्हणजे फेरी रद्द होते, आणि गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या लाँची तर त्या दिवसांत बंदच असतात.

महाडला मुक्काम करावयाचा तर सूर्य मावळण्यापूर्वीं तेथें पोंचतां येईल अशीच खात्री असावी. दुसऱ्या दिवशीं सकाळीं रस्त्यालगतचीं गांधारपाल्याचीं लेणीं पाहतां येतात, आणि ज्या चवदार तळ्यावर १९२७ सालच्या मार्चमध्यें सत्याग्रह झाला तें गांवांतच आहे; परदेशांत वाढणाऱ्या नातवंडांना तें दाखविण्यास अर्धा तास पुरतो. ह्याच महाडजवळ २०१६ सालीं २ ऑगस्टच्या रात्रीं सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरांत कोसळला, आणि दोन एस. टी. गाड्यांसह कांहीं वाहनें काळोखांत नदींत गेलीं. पुढच्या वर्षीं तेथें नवा पूल झाला. परंतु पावसाळी रात्रीं पुढें काय आहे हें दिव्यांच्या उजेडांत कळत नाहीं, ही गोष्ट नव्या पुलानें बदलली नाहीं.

रात्रीच्या आगगाडीनें निजत जावें, म्हणजे मुक्कामहि झाला आणि प्रवासहि झाला, अशी एक युक्ति पुष्कळांस सुचते. ती रत्नागिरीच्या पुढें, सावंतवाडीकडे जाणाऱ्यांस ठीक आहे. चिपळूणकरांस मात्र ही गाडी भल्या पहाटे, म्हणजे झोंप नेमकी लागतांच, फलाटावर उतरवून देते. शिवाय आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून एकशेंवीस दिवसांऐवजीं साठ दिवस आधींच खुलें होतें, तेव्हां विमानाचें तिकीट चार महिने अगोदर काढणाऱ्यास गाडीच्या तिकिटाची खात्री बाळगतां येत नाहीं.

खोली ठरवितांना एक चूक इतक्या वेळां होते, कीं तिच्यापायीं कित्येक कुटुंबांनीं मुंबईंतली पहिली रात्र हॉटेलच्या ओसरीवर काढली असेल. विमान पंधरा तारखेस रात्रीं एक वाजून दहा मिनिटांनीं उतरतें, म्हणून खोली पंधरा तारखेची घेण्यांत येते. परंतु हॉटेलचा दिवस दुपारीं बाराला किंवा दोनला सुरू होतो. मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्यानें खोली चौदा तारखेची घेतली पाहिजे, आणि 'आम्ही रात्रीं दोन-तीनला पोंचूं, खोली दुसऱ्यास देऊं नये' असें लेखी कळवून ठेवलें पाहिजे. पंधराची खोली घेणारा मनुष्य मुलांना घेऊन सबंध बारा तास आधीं दाराशीं येऊन उभा राहतो. दुसरी गोष्ट कागदपत्रांची. नातवंडांचीं पारपत्रें परदेशी असतील, तर त्यांच्या मुक्कामाची खबर चोवीस तासांच्या आंत सरकारी खात्यास देण्याचें बंधन हॉटेलवर असतें. मोठ्या हॉटेलांत हें सहज होतें. रस्त्यावरच्या लहान लॉजमध्यें मात्र तें झेंगट नको म्हणून ऐन रात्रीं नकार मिळण्याचा संभव असतो. तें आधीं विचारावें, आणि तीं पारपत्रें मोठ्या पेटीच्या तळाशीं ठेवूं नयेत.

किंबहुना त्या रात्रीं मोठी पेटी उघडावीच लागूं नये. एका लहान पिशवींत प्रत्येकाचा एक कपडा, दांत घासण्याचें सामान, वडील माणसांचीं औषधें आणि कांहीं खाण्याचें ठेवावें. हें खाणें लहान मुलांसाठीं. तीं त्या रात्रीं कितीहि वेळेवर निजवलीं तरी अडीच-तीन वाजतां भुकेलीं होऊन उठतात, आणि त्या वेळीं केळें व चिवड्याचा डबा जवळ असणें म्हणजे सगळ्यांची झोंप राखणें होय. मोठ्यांनीं वरण-भात-ताक एवढेंच घ्यावें. मुंबईंत पाय टाकतांच चमचमीत खाण्याची इच्छा अनावर होते हें समजण्यासारखें आहे, परंतु ती दुसऱ्या दिवशीं पुरवावी. घाटांतल्या वळणांवर तिचा बदला मिळतो.

राहतां राहिली आजी. तिला 'थेट येतों' असें सांगून मग मुक्काम करणें क्रूरपणाचें आहे. ती रात्रभर दिवा ठेवून जागी बसेल, आणि दूरध्वनि लागला नाहीं तर मनांत नाहीं नाहीं तें आणील. म्हणून तिला आरंभापासूनच पुढचा दिवस सांगावा, आणि मध्येंच तो अलीकडे ओढूं नये. चालक सात वाजेपर्यंत निजूं द्यावा. चहा घेऊन साडेसातला पनवेल सोडलें, वडखळला मुलांना पाय मोकळे करूं दिले, आणि माणगांव-महाडच्या दरम्यान दहा मिनिटें थांबले, तरी परशुरामचा घाट भर उजेडांत उतरतां येतो आणि वळणावरून वाशिष्ठीचें पात्र दिसतें. चिपळूण सोडतांना आजीला दूरध्वनि करावा. तेथून पुढें सव्वा-दीड तास. चुलीवर भात केव्हां ठेवावयाचा, तें तिला त्यावरून ठरवितां येतें.